न्यूमन आणि परंपरेचे प्रामाण्य

१ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी जॉन हेन्री न्यूमन यांना ‘चर्चचे आचार्य’ ही पदवी बहाल केली. गांधीजींच्या आवडत्या एका इंग्रजी प्रार्थनागीताचे कर्ते म्हणून हे नाव आपल्याकडे परिचित आहे. मात्र १८३३ मध्ये ते गीत रचणारा तरुण धर्मोपदेशक रोमचा कडवा विरोधक होता, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

न्यूमन यांचा जन्म १८०१ साली लंडन येथे झाला. पंधराव्या वर्षी ते बायबलनिष्ठ प्रॉटेस्टंट विचाराकडे वळले. पोप म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्तविरोधी, ही त्या वर्तुळातील समजूत पुढे अनेक वर्षे त्यांच्या मनात घर करून राहिली. १८२२ मध्ये ते ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजचे फेलो झाले आणि १८२८ मध्ये विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चचे धर्मगुरू.

धर्माच्या बाबतीत अंतिम शब्द कोणाचा, हा प्रश्न तेव्हा तीनशे वर्षांचा जुना होता. बायबल हेच एकमेव अंतिम प्रमाण, असे ल्यूथरचे म्हणणे. परंपरेच्या आडून पापक्षमापत्रांचा बाजार मांडला गेला होता, ही त्याची तक्रार काही खोटी नव्हती. रोमने १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेत उत्तर दिले की, प्रेषितांपासून चालत आलेली परंपराही बायबलइतक्याच आदराने स्वीकारली पाहिजे. आपल्याकडे श्रुती-स्मृतींचा विरोध आल्यास श्रुती बलवत्तर, असा निवाडा मीमांसकांनी देऊन ठेवला आहे. येथील गाठ याहून अवघड. बायबलात कोणते ग्रंथ असावेत याची यादी बायबलात नाही. ती चर्चमध्येच कालांतराने निश्चित झाली.

न्यूमन प्रथम मध्यममार्गी होते. बायबलाचा अर्थ पहिल्या काही शतकांच्या एकमुखी साक्षीने लावावा, पुढची रोमन भर टाकून द्यावी, ही अँग्लिकन भूमिका त्यांनी १८३३ पासून ऑक्सफर्ड चळवळीच्या पत्रिकांतून हिरिरीने मांडली. तिला बळकटी यावी म्हणून ते प्राचीन चर्चचा इतिहास वाचीत राहिले, आणि त्या इतिहासानेच त्यांचा घात केला! १८३९ च्या उन्हाळ्यात पाचव्या शतकातील वाद अभ्यासताना त्यांना दिसले की, तेव्हाही एक मध्यममार्गी पक्ष होता, आणि तो पाखंडी ठरला होता. १८४१ मध्ये त्यांनी अँग्लिकन मतपत्रिकेच्या ३९ कलमांचा कॅथॉलिक परंपरेशी मेळ घालणारा अर्थ लावला. बिशपांनी त्यांचा धिक्कार केला. १८४३ मध्ये त्यांनी सेंट मेरी सोडले आणि जवळच्या लिटलमोर खेड्यात ते ग्रंथलेखनात गढून गेले.

तो ग्रंथ म्हणजे ख्रिस्ती सिद्धांतांच्या विकासाची मीमांसा. सजीव कल्पना काळाच्या ओघात, प्रश्नांना तोंड देत उलगडत जाते. नंतर प्रकटले ते सारेच भेसळ नव्हे. मात्र खरा विकास आणि विकृती यांतील भेद ओळखण्याच्या कसोट्या हव्यात, आणि अशा सात कसोट्या त्यांनी दिल्या. वस्तुतः ही उपपत्ती प्रॉटेस्टंटांइतकीच रोमलाही अडचणीची होती, कारण आमच्यात कधी काही बदललेच नाही, असे मानण्याची रोमला सवय होती. ग्रंथ अपुरा असतानाच, ९ ऑक्टोबर १८४५ रोजी, न्यूमन यांनी कॅथॉलिक पंथ स्वीकारला. फेलोचे पद गेले, मित्र दुरावले, बहीण हॅरिएट हिने संबंध तोडले.

नव्या घरीही संशयाने पाठ सोडली नाही. चौथ्या शतकात अनेक बिशप डळमळले असता सामान्य श्रद्धाळूंनीच खरे मत जपले, असे त्यांनी १८५९ मध्ये लिहिले, तेव्हा एका बिशपाने रोमकडे तक्रार केली. परंपरा केवळ धर्मपीठाच्या मालकीची नाही, हे म्हणणे रुचणारे नव्हतेच. १८७० मध्ये पोपच्या प्रमादातीततेचा सिद्धांत घोषित झाला. न्यूमन यांना तो मान्य होता, घाई मात्र मुळीच पसंत नव्हती. पोपचे आज्ञापालन विवेकबुद्धीला गिळून टाकीत नाही, असे त्यांनी १८७५ मध्ये जाहीरपणे मांडले.

१८७८ मध्ये ट्रिनिटी कॉलेजने आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला सन्माननीय फेलो केले आणि बत्तीस वर्षांनी न्यूमन ऑक्सफर्डला गेले. सिद्धांतविकासावरील ग्रंथाची सुधारलेली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. पुढच्या वर्षी तेराव्या लिओंनी त्यांना कार्डिनल केले. ११ ऑगस्ट १८९० रोजी बर्मिंगहॅम येथे त्यांचे निधन झाले. धर्मपरंपरा चर्चमध्ये वाढत जाते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अधिकृतपणे नमूद केले, तेव्हा त्या ग्रंथाला एकशे वीस वर्षे झाली होती.