ॲनी बेझंट आणि अपत्यांच्या ताब्याचे खटले

ॲनी बेझंट (१ ऑक्टोबर १८४७ – २० सप्टेंबर १९३३) ह्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा, होमरूल चळवळीच्या नेत्या आणि १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षा म्हणून भारतीयांना परिचित आहेत. टिळकांच्या लीगपाठोपाठ १९१६ मध्ये त्यांनी आपली स्वतंत्र होमरूल लीग स्थापन केली. मुलांच्या ताब्यावरून त्यांना दोन देशांत न्यायालयात उभे राहावे लागले, ही हकिकत मात्र त्या मानाने अपरिचित आहे.

विवाह व विभक्ती

डिसेंबर १८६७ मध्ये लंडनच्या ॲनी वुड यांचा विवाह फ्रँक बेझंट या धर्मोपदेशकाशी झाला. १८६९ मध्ये डिग्बी हा मुलगा व १८७० मध्ये मेबल ही मुलगी झाली. मेबलच्या गंभीर आजारपणात ॲनी यांच्या धर्मश्रद्धेला तडा गेला आणि चर्चमधील विधींत भाग घेण्यास त्यांनी नकार दिला. १८७३ मध्ये पतिपत्नी करारपत्र करून विभक्त झाले. मुलगा वडिलांकडे व मुलगी आईकडे, अशी वाटणी ठरली.

हा घटस्फोट नव्हता. १८५७ च्या इंग्लिश कायद्यानुसार पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पतीला घटस्फोटासाठी पुरत असे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबरच क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी एखादे कारण सिद्ध करावे लागे. फ्रँक १९१७ मध्ये वारले, तोवर हा विवाह कायद्याने कायमच राहिला.

मेबलचा ताबा

१८७३ च्याच एका कायद्याने विभक्तीच्या करारातून मुलांचा ताबा आईकडे सोपविण्यास मान्यता दिली होती. मात्र असा करार मुलाच्या हिताचा नसल्यास न्यायालयाने तो अमलात आणू नये, अशी अट त्यात होती. बेझंट यांच्यावर हीच अट उलटली. १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासह संततिनियमनावरील नोल्टन यांची पुस्तिका पुन्हा प्रसिद्ध केल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. त्यातील शिक्षा तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली. पण नास्तिक मते आणि ही पुस्तिका पुढे करून फ्रँक यांनी १८७८ मध्ये मेबलचा ताबा मागितला. ॲनी यांनी स्वतःच आपली बाजू मांडली. न्यायाधीश जॉर्ज जेसल यांच्यापुढे मुलीच्या संगोपनातील हेळसांडीचा प्रश्न नव्हताच. तरीही आईच्या मतांमुळे मुलीचे अहित होईल, असे ठरवून त्यांनी ताबा वडिलांना दिला. मुलाचे हित हे तत्त्व ऐकण्यास निर्दोष वाटते, पण ते ठरविणाऱ्याच्या नैतिक कल्पना त्यात किती सहज शिरतात, हे या निकालात दिसते. १८७९ मध्ये अपिलातही ताबा मिळाला नाही, फक्त भेटीचा हक्क मिळाला. या भेटींनी मुलांना क्लेशच होतात असे पाहून त्यांनी त्या थांबविल्या. मोठी झाल्यावर दोन्ही मुले आपणहून आईकडे आली.

मद्रासचा खटला

पुढे भारतात भूमिका उलटल्या. अड्यार येथे राहणारे निवृत्त महसूल अधिकारी नारायणैया यांनी १९१० मध्ये जे. कृष्णमूर्ती व नित्यानंद या आपल्या मुलांचे पालकत्व लेखी कराराने बेझंट यांना दिले. थोड्याच काळात, मुख्यतः सी. डब्ल्यू. लेडबीटर यांच्या सहवासाबद्दलच्या आक्षेपामुळे, त्यांनी मुले परत मागितली. मुले तेव्हा इंग्लंडमध्ये होती. १९१२ मध्ये दावा दाखल झाला. बेझंट यांनी याही वेळी स्वतः युक्तिवाद केला. विरुद्ध बाजूचे वकील सी. पी. रामस्वामी अय्यर पुढे होमरूल चळवळीत त्यांचेच सहकारी झाले. मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल व नंतरचे अपील, दोन्ही १९१३ मध्ये त्यांच्या विरुद्ध गेले.

मे १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे निकाल रद्द केले. मुले इंग्लंडमध्ये असल्याने त्यांना परत पाठविण्याचा आदेश मद्रासमधून देता येत नाही, आणि मुलांच्या हिताचा व इच्छेचा पुरेसा विचार झालेला नाही, अशी कारणे त्यामागे होती. मुले बेझंट यांच्याकडेच राहिली. मात्र हिंदू पिता हा नैसर्गिक पालक असून त्याने दुसऱ्याला दिलेला ताबा त्याला परत मागता येतो, हे तत्त्व कौन्सिलने मान्य केले. त्यामुळे बेझंट यांनी जिंकलेला हा निकाल भारतीय न्यायालयांत पुढे पित्यांच्या बाजूनेही उद्धृत होत राहिला.