महात्माजींची झोंप

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना त्यांच्या जागरणाच्या कथाच आपल्या मनांत भरतात. अमुक पुरुष रस्त्यावरील दिव्याखालीं बसून रात्रभर अभ्यास करीत असे, हें विद्यार्थ्यांना पाठ असतें. पण तो झोंपत केव्हां असे, हें कोणी सांगत नाहीं. परीक्षा जवळ आली कीं आमचे कित्येक विद्यार्थी डोळ्यांना पाणी लावून पहाटेपर्यंत बसतात, आणि उत्तरपत्रिका समोर आल्यावर पाठ केलेलें आठवेना म्हणून कष्टी होतात. पालकांची स्थिति फारशी निराळी नाहीं. तारापूरच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे, पहाटेच्या गाडीनें बोईसर-पालघरहून मुंबईस जाणारे, सातपाटीहून भरतीओहोटी पाहून होड्या लोटणारे, या सर्वांच्या वांट्याला झोंप तुकड्यातुकड्यांनींच येते. म्हणून ज्यांनीं अफाट काम केलें आणि त्याबरोबर झोंपेचीही विद्या साधली, अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ते पुरुष म्हणजे महात्मा गांधी.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजीं पोरबंदर येथें झाला. लहानपणीं त्यांना अंधाराचें मोठें भय वाटे. भुतें, चोर आणि साप यांच्या कल्पनेनें ते इतके घाबरत कीं खोलींत दिवा असल्याखेरीज त्यांना झोंप येत नसे. पुढें लग्न झाल्यावरही हें भय गेलें नव्हतें. कस्तुरबा मात्र अंधारांत निर्भयपणें वावरत, आणि त्यामुळें त्यांना स्वतःची लाज वाटे. हें सर्व त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगितलें आहे. घरांतील रंभा नांवाच्या दाईनें त्यांना भयावर रामनामाचा उपाय शिकविला. भय एका दिवसांत पळालें नाहीं, परंतु मन एका ठिकाणीं ठेवण्याची संवय लावणारें तें बीज जन्मभर टिकलें. झोंप ही त्यांना जन्मतः मिळालेली देणगी नव्हती. ती त्यांनीं पुढें कमावली, हें विद्यार्थ्यांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें.

१८८८ सालीं ते विलायतेस गेले व १८९१ सालीं बॅरिस्टर होऊन परतले. १८९३ सालीं एका खटल्याच्या कामासाठीं ते दक्षिण आफ्रिकेंत गेले. त्याच वर्षीं जून महिन्यांत, पहिल्या वर्गाचें तिकीट जवळ असतां, केवळ हिंदी माणूस म्हणून त्यांना पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर गाडींतून उतरवून देण्यांत आलें. तिकडे तेव्हां हिवाळा होता. त्यांचा कोट सामानांत राहिला होता, आणि पुन्हां अपमान होईल म्हणून तो मागण्याचें धैर्य त्यांना झालें नाहीं. ती रात्र त्यांनीं थंडींत कुडकुडत, जागेपणीं काढली. परत फिरावें कीं राहून अन्यायाशीं झगडावें, याचा निर्णय त्या रात्रीं झाला. कांहीं रात्री जागण्यासाठींच असतात. पण अशी रात्र आयुष्यांत एखादीच येते. रोजची रात्र तशी समजणें हा केवळ शरीराचा अपव्यय होय.

१९१० सालीं जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर टॉलस्टॉय फार्म ही वसाहत सुरू झाली. तेथें सत्याग्रही कुटुंबें स्वतःच्या हातांनीं शेतीकाम, सुतारकाम व चपला शिवण्याचें काम करीत. खासगी कामासाठीं शहरांत जावयाचें तर पायींच जावें, असा नियम होता. रात्रीं गांधीजी व मुलें उघड्या पडवींत अंथरुणें टाकून निजत. ज्या मुलाला दिव्यावांचून झोंप येत नव्हती, तोच आतां चांदण्यांखालीं निश्चिंत झोंपूं लागला. भय गेलें होतें आणि शरीर श्रमलेलें होतें. मग झोंपेला वेगळें बोलावणें करावें लागत नसे.

१९१५ सालीं ते मायदेशीं परतले. त्यांच्या आश्रमांत पहाटे चारच्या सुमारास उठून प्रार्थना होई. नंतर फिरणें, पत्रें, लेख, सूतकताई, भेटीला येणारे लोक. असा दिवस रात्रींपर्यंत भरलेला असे. एवढें काम ते कसें उरकीत? त्यांच्या सहवासांत राहिलेल्यांनीं नमूद केलें आहे कीं गांधीजींना इच्छेस येईल तेव्हां झोंप घेतां येई. दुपारीं थोडा वेळ ते आडवे होत; पोटावर मातीची पट्टी ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता; आणि थोड्याच वेळांत ताजेतवाने होऊन पुन्हां कामास लागत. १९०९ सालीं बोटीवर हिंद स्वराज्य लिहितांना उजवा हात थकल्यावर ते डाव्या हातानें लिहीत. थकलेल्या अवयवाला वेळींच विसांवा द्यावा, हेंच त्यांचें धोरण होतें.

या विद्येची खरी कसोटी १९३० सालीं लागली. १२ मार्च रोजीं साबरमतीहून निघून, सुमारें २४१ मैल चालून, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं ते ५ एप्रिलला दांडीस पोहोंचले. सकाळ-संध्याकाळ चालावें व मध्यंतरीं विसांवा घ्यावा, असा क्रम होता. मिठाचा कायदा मोडल्यानंतर अटक केव्हांही होणार, हें त्यांना ठाऊक होतें. तरीही ४ मेच्या रात्रीं ते कराडी येथें आपल्या झोंपडीपाशीं स्वस्थ झोंपी गेले. मध्यरात्र उलटल्यावर अधिकारी पोलिसांसह आले, तेव्हां त्यांना झोंपेंतून उठवावें लागलें. त्यांनीं दांत घासले, पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनीं भजन म्हटलें, आणि ते शांतपणें निघाले. त्यांना रेल्वेनें बोरीवलीपर्यंत व तेथून मोटारीनें येरवड्यास नेण्यांत आलें. ती गाडी आपल्याच मार्गानें, डहाणू, बोईसर, पालघर ओलांडून पहाटेच्या वेळीं गेली. रुळांलगतच्या गांवांतून त्या वेळीं कोण चालले आहेत, हें झोंपलेल्या लोकांना ठाऊक नव्हतें.

ही शांत झोंप म्हणजे बेफिकिरी नव्हे. १९४२ च्या ऑगस्टांत त्यांच्या हांकेला ओ देऊन आपल्या पालघरांत १४ तारखेस पांच वीर गोळीबारांत धारातीर्थीं पडले. दुसऱ्याच दिवशीं आगाखान महालांत महादेवभाई देसाई वारले. असे आघात सोसणाऱ्याला चिंता नव्हती असें कोण म्हणेल? परंतु आज करावयाचें तें केलें, उरलें तें उद्यां, असें ठरवून ओझें खालीं ठेवण्याची संवय त्यांनीं लावून घेतली होती. त्यांचे राजकारणांतील कडवे विरोधक चर्चिल हेही महायुद्धाच्या धामधुमींत दुपारची झोंप चुकवीत नसत. ज्यांचें इतर कशांतच जमलें नाहीं, त्यांचें येथें जमलें!

मात्र डुलकी ही रात्रींच्या झोंपेची भरपाई नव्हे. गांधीजींनाही अतिश्रमानें रक्तदाब वाढल्यामुळें १९३७ च्या अखेरीस जुहूस सक्तीची विश्रांति घ्यावी लागली होती.

आधुनिक शास्त्र सांगतें कीं वाचलेलें स्मरणांत पक्कें होण्यास झोंप आवश्यक असते. दुपारीं सुस्ती येणें हा देहाचा स्वभावच आहे. पंधरा ते वीस मिनिटें डोळे मिटल्यास मन तरतरीत होतें. त्याहून फार वेळ निजल्यास गाढ झोंप लागते व उठल्यावर डोकें जड होतें. संध्याकाळीं उशिरां निजल्यास रात्रींची झोंप जाते. म्हणून विद्यार्थ्यांनीं ठराविक वेळीं, मोबाईल दूर ठेवून, आडवें व्हावें. अंग सैल सोडावें, श्वासाकडे लक्ष द्यावें आणि वीस मिनिटांनीं उठविण्यास आईला सांगावें. झोंप आलीच पाहिजे असा हट्ट धरूं नये. हट्टानें ती पळते. नुसतें स्वस्थ पडल्यानेंही विसांवा मिळतो, आणि कांहीं दिवसांच्या संवयीनें डोळा लागूं लागतो. पालकांनींही दुपारीं क्षणभर निजलेल्या मुलाला लगेच आळशी ठरवूं नये.

३० जानेवारी १९४८ हा महात्माजींचा अखेरचा दिवस. त्या दिवशींही ते पहाटे साडेतीनच्या सुमारास उठले, प्रार्थना केली, काम केलें, दुपारीं नेहमींप्रमाणें थोडे झोंपले, आणि सायंकाळीं प्रार्थनेस जातांना मारेकऱ्याच्या गोळ्यांना बळी पडले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या देहाकडून इतकें कार्य झालें, याचें एक कारण त्यानें वेळोवेळीं घेतलेला विसांवा हेंही होय. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांच्यासारखें पहाटे उठावें. परंतु त्यांच्यासारखें वेळेवर झोंपण्यासही शिकावें.