मेक्सिकोत मका सुधारणारा वर्ध्याचा क्रांतिकारक

पुण्याच्या मार्केट यार्डात गव्हाची पोती उतरली की व्यापारी आधी मूठभर दाणे तळहातावर घेतो. दाणा टपोरा असला तर भाव. तांबेऱ्याने किंवा पाण्याच्या ताणाने बारका पडलेला दिसला, की शेतकऱ्याचं वर्षाचं गणित बिघडलंच म्हणायचं. दाणा रोगात आणि दुष्काळात टिकावा म्हणून साता समुद्रापार राबलेला आपला माणूस म्हणजे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

त्यांचा जन्म १८८४ साली वर्ध्याला झाला. स्वातंत्र्याच्या ध्यासाने घर सोडून त्यांनी अमेरिका गाठली. तिथे शेतीचे शिक्षण घेतले आणि गदर चळवळीतही उडी घेतली. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशाची वाट बंद झाली. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले.

तिथे त्यांनी गहू आणि मक्याच्या सुधारणेवर काम केले. मक्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते, त्याच्याशी मक्याचा संकर केला. गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली.

त्या काळी संकर करायचा आणि टिकलेलं झाड निवडायचं, एवढाच मार्ग होता. झाडाच्या आत काय चालते ते पुढे कळले. पेशीत नियंत्रक प्रथिने असतात. पाटकरी जसा गरजेप्रमाणे चारीचे दार उघडतो-लावतो, तशी ही प्रथिने जनुके चालू-बंद करतात. पाणी तुटले की ताण सोसायला लावणारी जनुके जागी होतात. बुरशी शिरली की बचावाची. एका खोडाचा मका आणि फुटव्यांचा तेओसिंते यांच्यातला मोठा फरकही अशाच एका प्रथिनामुळे पडतो, हे १९९७ साली दाखवून देण्यात आले.

पण बुरशीही गप्प बसत नाही, नवे रूप घेते. आज तग धरणारे वाण काही वर्षांनी बळी पडू शकते. म्हणून शेतकरी बांधवांनी पेरणीआधी कृषी विद्यापीठाची ताजी शिफारस विचारावी. घरचं बी ठेवायचं तर निरोगी झाडांचंच ठेवावं.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे मायदेशी परतले. १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. उमेदीची वर्षे मात्र परक्या मातीत गेली. कृषी सहायकांनी गावात शेतीशाळा भरवताना त्यांचं नाव जरूर सांगावं.