तालीममास्तर कै. गोविंद बल्लाळ देवल

विद्या देणारे पुष्कळ असतात; परंतु शिष्याच्या ठिकाणी जे मूळचे आहे त्यास धक्का न लावता विद्या देणारे विरळाच. नाट्यकलेत तर हा भेद फार लवकर दृष्टीस पडतो. गुरूचे हातवारे आणि गुरूचा सूर जसाच्या तसा उचलणारा नट पहिल्याच प्रवेशात ओळखू येतो. आणि गुरूपासून भूमिकेचा अर्थ घेऊन तो आपल्या वाणीने प्रकट करणारा नट प्रेक्षकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहतो. असे नट ज्यांच्या हाताखाली तयार झाले, त्या कै. गोविंद बल्लाळ देवल यांस संगीत ‘शारदा’ नाटकाचे कर्ते म्हणून सर्वजण ओळखतात. त्यांच्यातील शिक्षकाचा परिचय आपल्या ज्ञातिबांधवांस व विशेषतः मुलाबाळांच्या मातापित्यांस व्हावा, एवढ्याच हेतूने हा अल्प लेख या स्मरणिकेसाठी लिहीत आहोत.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी झाला. कृष्णा-वारणेच्या संगमावरील, सांगलीलगतचे हरिपूर हे त्यांचे गाव. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ आख्यानाचा खेळ करून मराठी रंगभूमीचा पाया घातला होता. भाव्यांच्या त्या खेळांत पदे सूत्रधाराने म्हणावी आणि भाषणे पात्रांनी प्रसंगानुरूप आपल्या मनाने करावी, असा प्रघात असे. पुढे छापील, ‘बुकिश’ म्हटली जाणारी नाटके आली आणि लेखकाचे नेमके शब्द नटाच्या मुखी बसविण्याची गरज उत्पन्न झाली. त्या गरजेतून ‘तालीममास्तर’ हा नवा अधिकारी निर्माण झाला. देवल हे त्या पदाचे भूषण ठरले.

त्यांचे शिक्षण बेळगावास झाले, आणि तेथे त्यांस जे शिक्षक लाभले ते पुढे संगीत नाटकाचे जनक म्हणून प्रसिद्धीस आलेले अण्णासाहेब किर्लोस्कर होत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेबांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि महाराष्ट्रात संगीत नाटकाचे युग सुरू झाले. शाळेतील शिक्षक हाच पुढे नाट्यगुरू व्हावा, हा योग दुर्मिळच म्हटला पाहिजे. मॅट्रिक झाल्यावर देवलांनी स्वतः काही काळ बेळगावास शिक्षकाचे काम केले व पुढे ते नाटकमंडळ्यांकडे वळले. १८८५ साली अण्णासाहेब निवर्तले. त्यांची सुबोध पदरचना व रसाळपणा हे गुण शिष्याने उचलले. परंतु गुरूने पुराणांतील व काव्यांतील कथा रंगविल्या, तर शिष्याने ‘शारदे’त आपल्या घरातील, शेजारच्या वाड्यातील दुःख रंगभूमीवर आणले. गुरुऋण फेडण्याची हीच खरी रीत, असे आम्हांस वाटते.

देवलांनी एकंदर सात नाटके लिहिली. त्यांपैकी ‘शारदा’ हे एकच सर्वस्वी स्वतंत्र. ‘मृच्छकटिक’ व ‘विक्रमोर्वशीय’ ही संस्कृत नाटकांवरून, ‘शापसंभ्रम’ हे बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून, तर ‘दुर्गा’, ‘झुंजारराव’ व ‘फाल्गुनराव’ ही पाश्चात्य नाटकांवरून रचिलेली आहेत. एवढ्यावरून कोणी त्यांस केवळ भाषांतरकार समजेल तर तो मोठा अन्याय होईल. शेक्सपियरचा ऑथेल्लो त्यांच्या लेखणीतून झुंजारराव होऊन आला, तो येथल्या मातीतला वीर होऊनच आला. परक्या ग्रंथाचा अर्थ आधी पचवावा आणि मग तो आपल्या भाषेत व आपल्या चालीरीतींत पुन्हा उभा करावा, ही त्यांची लेखनातील पद्धत. तालमीतही त्यांचे धोरण याहून निराळे नव्हते.

त्या काळी नाटकमंडळीत प्रत्येक नटाला त्याच्या वाट्याची भाषणे वहीत उतरवून देत. त्या वहीस ‘नक्कल’ म्हणत. शब्द मोठा सूचक आहे. नक्कल पाठ करणे ही तालमीची पहिली पायरी; पण पुष्कळ नट त्याच पायरीवर आयुष्य घालवीत व वहीची नक्कल करता करता मास्तरचीही नक्कल करू लागत. देवलांचा भर होता तो स्वाभाविक बोलण्यावर व स्वाभाविक अभिनयावर. आरडाओरड आणि ठरीव हावभाव यांना टाळ्या मिळत असलेल्या त्या काळात हा आग्रह धरणे सोपे नव्हते.

या शिकवणीचे फळ पाहावयाचे असेल तर त्यांच्या तीन शिष्यांकडे पाहावे. पहिले शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी. इंग्रजी विद्येचा लाभ न झालेल्या या नटाने देवलांच्या मार्गदर्शनाने झुंजाररावाची भूमिका अशी वठविली की, तिचे नाव महाराष्ट्रभर झाले. हॅम्लेटच्या भूमिकेसाठी त्यांस प्रा. वासुदेवराव केळकरांचे मार्गदर्शन लाभले. शेक्सपियर शिकविला विद्वानांनी, पण प्रेक्षकांस दिसला तो गणपतरावांचा. दुसरे गणपतराव बोडस. त्यांचा पिंड खेळकर, गद्याचा, बारीक निरीक्षणाचा. तिसरे नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व. ते १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले, व स्वर आणि लावण्य यांच्या बळावर त्यांनी स्त्रीभूमिकेस अपूर्व प्रतिष्ठा मिळवून दिली. शोकरसाचा सम्राट, विनोदाचा जाणकार आणि शृंगाराचा गायक, असे हे तिघे. यांत कोणी कोणासारखा नाही, आणि कोणी देवलांची प्रतिकृतीही नाही. एकाच साच्यातून काढलेल्या मूर्ती सारख्या दिसतात. एकाच पाण्यावर वाढलेली झाडे मात्र आपापल्या जातीचीच फळे देतात.

आता ‘शारदे’कडे वळू. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात द्रव्यलोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी वृद्ध भुजंगनाथास द्यावयास निघतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ ते जुळवितो, आणि आई इंदिराकाकूंचा विरोध कोणी जुमानीत नाही. शेवटी ऐन विवाहात वधू आणि वर सगोत्र असल्याचे उघडकीस येते व लग्न मोडते. आमच्या अध्यापनकाळात वरच्या वर्गांतील मुलांमुलींपुढे ही कथा सांगून आम्ही एकच प्रश्न ठेवीत असू : गोत्र निराळे निघाले असते तर हे लग्न योग्य ठरले असते काय? प्रश्न विचारल्यावर आम्ही गप्प बसत असू. आपले उत्तर सांगण्याचा मोह शिक्षकास फार होतो. पण ते एकदा सांगितले की मुलांची चाळीस उत्तरे मरतात आणि वह्यांतून एकच उत्तर चाळीस वेळा वाचावे लागते.

मुले निरनिराळे बोलत. कोणी सारा दोष बापाच्या लोभावर ठेवी, कोणी मध्यस्थावर. कोणी म्हणे, नाटककाराने सोपी पळवाट काढली. एका वर्षी एका मुलीने सांगितले की, शारदेचे रडणे ज्यांना ऐकू येत नव्हते त्यांना गोत्र मात्र ऐकू येत होते. म्हणून देवलांनी त्यांच्याच भाषेत त्यांना अडविले. हे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात नव्हते आणि आमच्याही मनात आलेले नव्हते. मात्र ते तिला सुचावे म्हणून गोत्र म्हणजे काय, जरठ-कुमारी विवाहाची चाल कशी होती आणि नाटकात कोण कोणापुढे बोलू शकत नाही, हे आधी समजावून द्यावे लागले होते. शिक्षकाचे काम एवढेच, आणि ते थोडे नव्हे. वाट दाखविल्यावाचून मुलास सोडून देणे ही मोकळीक नसून उपेक्षा होय. आणि वाटभर त्याचे बोट धरून ठेवणे ही माया नसून अडवणूक होय.

१९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीसही देवलांच्या शिकवणीचा लाभ झाला. आपल्या ‘फाल्गुनराव’ या जुन्या गद्य नाटकास त्यांनी पदांची जोड देऊन ‘संशयकल्लोळ’ सिद्ध केले. परंतु त्याचा प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १४ जून १९१६ रोजी त्यांचे देहावसान झाले, व त्याच वर्षी पुढे ते नाटक रंगभूमीवर आले. फाल्गुनराव झाले बोडस आणि रेवती झाले बालगंधर्व. चुकले तर सांगावयास मास्तर उरले नव्हते. तरीही ते नाटक असे रंगले की शंभर वर्षे उलटून गेल्यावरही त्याचे प्रयोग होत आले आहेत. गुरूच्या पश्चात शिष्याचे पाऊल अडखळले नाही, यापरते शिक्षणाचे प्रमाणपत्र कोणते? १४ जून या स्मृतिदिनी अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद पुरस्कार देऊन त्यांचे स्मरण करीत आली आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आपल्या ज्ञातीच्या व शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुले नाट्यप्रवेश सादर करितात, हे पाहून आनंद वाटतो. मात्र अलीकडे नामांकित नटाचा प्रयोग मोबाइलवर लावून मुलाकडून त्याचा प्रत्येक हेल घोटवून घेण्याची रीत पडत चालली आहे. तीत मुलाचे कौतुक होते, पण त्याची वाढ होत नाही. आमची पालकांस नम्र सूचना अशी की, प्रवेश बसविण्यापूर्वी मुलासह संपूर्ण नाटक वाचावे. कठीण शब्द व जुन्या चालीरीती त्यास समजावून द्याव्या. मग, हे माणूस असे का बोलते, असे त्यालाच विचारावे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी. उत्तर चुकीचे असेल तर पुन्हा नाटकाकडे बोट दाखवावे, स्वतःकडे नव्हे.

देवलांची नाटके पुस्तकांतून उपलब्ध आहेत. ती घरोघर वाचली जावोत, आणि आपल्या मुलांच्या मुखांतून नाटककाराचे शब्द त्यांच्या स्वतःच्या आवाजात ऐकण्याचे भाग्य आपणां सर्वांस लाभो, अशी प्रार्थना करून आम्ही वाचकांची रजा घेतो.