फॅरडे आणि पोलादातली लाट

मायकेल फॅरडे म्हटले की वीज आठवते. पण त्याआधी काही वर्षे या लोहाराच्या मुलाने पोलादाचा पिच्छा पुरवला होता. जन्म १७९१चा, वडील सतत आजारी, चौदाव्या वर्षापासून पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता विज्ञानाची गोडी लागली आणि १८१३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेतले मदतनीस झाले.

पुढे जेम्स स्टोडार्ट यांच्याबरोबर त्यांचे काम सुरू झाले. स्टोडार्ट शस्त्रक्रियेची हत्यारे बनवत आणि भारतातले ‘वूट्झ’ पोलाद त्यांच्या खास आवडीचे. १७९०च्या दशकात मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला पाठवले होते. दमास्कसच्या म्हणून नावाजलेल्या तलवारी याच जातीच्या पोलादाच्या. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. साध्या पात्यावर आम्लाने तशी नक्षी काढून ते खरे म्हणून विकणारेही होतेच.

दोघांनी वूट्झ वितळवले, ठोकले, विरळ आम्ल लावून पाहिले. नक्षी वरची नव्हे, तर पोलादातल्या स्फटिकांची, ठोकताना ते लांबट होतात, असा निष्कर्ष निघाला. तलवारीची पारख याच गोष्टीवर चालते. खरी लाट घासून गेली तरी आम्ल लावताच परत उमटते, वरवरची नक्षी घासली की गेली. मोडक्या पात्याला दुसरा तुकडा जोडला असेल, तर सांध्यापाशी लाट तुटते. (आजोबांच्या तलवारीवर हे घरी करू नये, पाते खराब होते.)

लाटेचे कारण मात्र फॅरडेंना चुकले. १८१९च्या पृथक्करणात त्यांना अॅल्युमिना व सिलिका सापडले आणि गुण त्यांचाच, असे त्यांनी मानले. अॅल्युमिना घालून केलेल्या पोलादावर लाट उमटलीही! पण त्यासाठी लोखंडात आधी भरपूर कार्बन मुरवलेला होता आणि खरा कर्ता तोच होता. पॅरिसच्या ब्रेआँ यांनी थोड्याच वर्षांत कार्बनकडे बोट दाखवले.

प्रयोगातल्या पोलादाचे वस्तरे फॅरडेंनी मित्रांना भेट दिले. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारले आणि पोलादाचे काम मागे पडले. फॅरडे गेले १८६७ मध्ये. त्यांच्या नावाच्या पेटीतले पोलादाचे ७९ तुकडे रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी तपासले आणि १९३१ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. त्यांतल्या काहींत प्लॅटिनम होते, काहींत ऱ्होडियम.