पांडुरंगाच्या दारात पांडुरंग

ज्येष्ठ महिना लागला की खानदेशात पंढरीची ओढ सुरू होते. मुक्ताईनगरहून आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी महिनाभराच्या वाटेला लागते. अमळनेरात बोरी नदीच्या काठी संत सखाराम महाराजांच्या संस्थानातूनही पायी दिंडी निघते. दिंडीत प्रत्येकाला काम ठरलेले असते. वीणेकरी पुढे, टाळकरी ओळीत, कुणाच्या डोक्यावर तुळशीवृंदावन, कुणाच्या पाण्याचा हंडा. चोपदाराने चोप उंचावला की शेकडो माणसे एकदम शांत होतात. देवाची आज्ञा पाळायची आणि तीही सगळ्यांनी मिळून, हा धडा वारकरी चालता चालता शिकतो. पण 1947 सालापर्यंत या धड्याची एक ओळ गाळलेली होती. महाद्वाराशी आल्यावर अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला चोखोबांच्या समाधीपाशीच थांबावे लागे. शतकानुशतके हे चालत आले होते. देवाचीच तशी इच्छा आहे, असे अनेक श्रद्धावंतांना मनापासून वाटत होते.

देवाची इच्छा तशी नाही, हे सांगायला जो माणूस पुढे आला तो खानदेशाने आपला मानलेला एक शिक्षक होता. त्याचे नावही पांडुरंगच. पांडुरंग सदाशिव साने, अर्थात आपले साने गुरुजी.

गुरुजींचा जन्म कोकणातला. 24 डिसेंबर 1899 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे ते जन्मले. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. आई यशोदाबाईंनी गरिबीतही मुलाला देवापुढे हात जोडायला शिकवले आणि शेजारच्या दुःखिताकडे पाहायलाही शिकवले. ही दोन शिकवणी त्या माउलीच्या लेखी वेगळ्या नव्हत्या. 1917 साली आई गेली. मुलगा दापोली, औंध, पुणे असा वणवण करीत, प्रसंगी अर्धपोटी राहून शिकला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी तो अमळनेरला आला. तेथे श्रीमंत प्रताप शेठजींच्या औदार्यातून 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. परंतु कोरड्या वादविवादात या तरुणाचे मन रमेना. 1924 साली तो खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाला आणि पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्याच्याकडे आली.

गुरुजींचे खरे देऊळ हे वसतिगृहच होते. खेड्यापाड्यांतून आलेली, प्रथमच घर सोडलेली ती मुले. कुणाची खोली अस्ताव्यस्त दिसली की गुरुजी रागावत नसत. मुले शाळेत गेली की स्वतः केर काढीत, अंथरुणे घडी करून ठेवीत, मळके कपडे धुऊन वाळत टाकीत. चार दिवसांनी मुलांनाच लाज वाटे आणि ती आपणहून कामाला लागत. सकाळी मुलांच्या हाती हस्तलिखित दैनिक पडे. तेही गुरुजींच्याच हातचे. हुकूम सोडून माणसे वाकतात, जोडली जात नाहीत, हे त्यांना कळले होते. आज्ञाधारकपणा शिकवायचा तर आधी शिकवणाऱ्याने सेवेला उभे राहायचे, हा त्यांचा शिरस्ता पुढेही सुटला नाही.

1930 साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि गुरुजींनी नोकरी सोडली. धुळ्याचा तुरुंग, मग दूर तामिळ मुलखातला त्रिचनापल्लीचा तुरुंग अशी त्यांची यात्रा सुरू झाली. 1932 साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते आणि त्याच वेळी विनोबा भावेही तेथे होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, अठरा रविवार, विनोबांनी कैद्यांसमोर गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. गुरुजी समोर बसून ती झरझर उतरवून घेत. विनोबांच्या वाणीला गुरुजींची लेखणी मिळाली म्हणून आज 'गीता प्रवचने' घरोघरी आहेत. गुरुजी स्वतः सिद्धहस्त लेखक. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. असा लेखक चार महिने दुसऱ्याचे शब्द टिपायला बसला, यातला नम्रपणा आपण सहसा लक्षात घेत नाही. एका हाताने सत्कार्य होत नाही, कुणी बोलायचे, कुणी लिहून घ्यायचे, हे धुळ्याच्या भिंतींआड त्यांनी आचरणात दाखवले.

बाहेर आल्यावर खानदेश हेच त्यांचे कर्मक्षेत्र राहिले. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरले, पंडित नेहरू अध्यक्ष होते. त्याच्या तयारीसाठी गुरुजी गावोगाव पायपीट करीत हिंडले. 1938 साली त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढले. शेतकऱ्यांचा सारा असो की गिरणी कामगारांची भाकरी, त्यांच्या लेखी ही सारी देवाचीच कामे होती. बेचाळीसच्या आंदोलनात ते भूमिगत झाले, पुढे पकडले गेले.

स्वातंत्र्य दाराशी आले तेव्हा सगळा देश आनंदात होता आणि गुरुजी बेचैन होते. राज्य आपले होणार; पण ज्या विठ्ठलाला महाराष्ट्र माउली म्हणतो तिच्या दारात काही लेकरे उभीच राहणार, हे त्यांना सोसवेना. 1946 च्या कार्तिकी एकादशीला पंढरपुरात उपोषणाला बसण्याचा निर्धार त्यांनी केला. आधी लोकांची मने तयार करावीत, असा आग्रह ज्येष्ठ सहकाऱ्यांनी धरला. गुरुजींनी तो मानला आणि काही महिने महाराष्ट्र पिंजून काढला. राष्ट्र सेवा दलाची तरुण मुले त्यांच्याबरोबर गाणी गात, मेळे करीत हिंडली. गावोगावची अनेक देवळे, अनेक विहिरी या दौऱ्यात सर्वांसाठी खुल्या झाल्या. मन वळवून काम होते, याचा हा पुरावाच होता. पण पंढरपूरचे दार काही उघडेना.

अखेर 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गुरुजींना आसरा दिला तो वारकरी परंपरेतल्याच एका मठाने. विरोधही त्याच परंपरेतून होत होता. दोन्हीकडे गळ्यात तुळशीमाळ होती, दोन्हीकडे मुखात विठ्ठलच होता. एक बाजू म्हणत होती की रूढी मोडणे म्हणजे देवाची अवज्ञा. दुसरी बाजू म्हणत होती की लेकराला दारात अडवणे हीच खरी अवज्ञा.

त्यातच गांधीजींनी उपोषण सोडण्याचा निरोप पाठवला. ज्या महात्म्याच्या शब्दावर गुरुजींनी नोकरी सोडली, तुरुंग भोगला, त्याचाच हा शब्द होता. गुरुजींच्या आयुष्यातली ही फार कठीण घडी असावी. गुरूची आज्ञा पाळावी की अंतरीच्या देवाची? त्यांनी गांधीजींबद्दलचा आदर तसूभरही कमी होऊ दिला नाही आणि उपोषणही सोडले नाही. या हट्टाला कुणी मनावरची सक्ती म्हटले, आणि तो आक्षेप अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. एका सत्पुरुषाचा जीव पणाला लागला असता समोरच्याने मनापासून होकार दिला की धास्तीने, हे कोण सांगणार? मात्र एवढे खरे की गुरुजींनी दुसऱ्या कुणाला उपाशी ठेवले नाही. किंमत मोजली ती स्वतःच्या देहाने.

दादासाहेब मावळंकर मध्यस्थीसाठी पंढरपुरात आले. बडव्यांशी बोलणी झाली, संमती मिळाली आणि दहा दिवसांचे उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. चोखोबांच्या समाधीपासून गाभाऱ्यापर्यंतचे अंतर काही पावलांचेच. ते चालून जायला सहाशेहून अधिक वर्षे लागली. पुढे 1958 साली विनोबा सर्व धर्मांच्या सहकाऱ्यांना घेऊन याच मंदिरात गेले. धुळ्याच्या तुरुंगातले वक्ता आणि लेखनिक, दोघांच्याही वाटा विठ्ठलाच्या दारापाशी येऊन मिळाल्या, हा योगायोग मानायचा की विठ्ठलाची इच्छा, ते ज्याने त्याने ठरवावे.

गुरुजी मात्र तेव्हा हयात नव्हते. गांधीजींच्या हत्येने त्यांना जबर हादरा बसला. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी 21 दिवसांचे उपोषण केले. 15 ऑगस्ट 1948 रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले, प्रांताप्रांतांना जोडणाऱ्या आंतरभारतीचे स्वप्न मांडले. पण आतली उदासी वाढत गेली. 11 जून 1950 रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपवली. हजारोंचे अश्रू पुसणाऱ्या या माणसाच्या डोळ्यांतले पाणी पुसायला आपण कमी पडलो, ही खंत त्यांच्या चाहत्यांच्या मनात कायमची राहिली. त्यांचे चरित्र सांगताना हे पान झाकून ठेवू नये. समाज एकत्र काम करतो तेव्हा सर्वांत पुढे राबणाऱ्याचीही विचारपूस करायची असते, हेही त्या चरित्रातूनच शिकायचे.

आज पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत कुणी कुणाची जात विचारीत नाही. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्कही 2014 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपले. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा साहित्यनगरीला नाव दिले गेले ते साने गुरुजींचेच. हे सारे योग्यच झाले. पण गावाकडच्या एखाद्या देवळात, पंगतीत, पाणवठ्यावर अजूनही कुणी मागे थांबत असेल, तर गुरुजींचे काम तेथे बाकी आहे. आषाढीला निघालेल्या दिंडीत माणसे एकमेकांच्या पाया पडतात, कारण समोरच्यात विठ्ठल आहे असे मानतात. दिंडी घरी परतल्यावरही ते मानत राहायचे, गुरुजींनी आपल्याकडून मागितले ते एवढेच.