दादाभाईंचे वीस रुपये

अमुक देश संपन्न व तमुक देश दरिद्री, असें आपण सहज बोलून जातों; पण हें मोजावें कसें? आमच्या देशांत हा प्रश्न ज्यांनीं प्रथम नेटानें हातीं घेतला ते दादाभाई नवरोजी मूळचे गणिताचे शिक्षक होते.

त्यांचा जन्म १८२५ सालीं एका गरीब पारशी कुटुंबांत झाला. ते चार वर्षांचे असतांना वडील वारले. आई माणेकबाईंनीं त्यांस वाढविलें. शिक्षण मोफत मिळालें म्हणूनच झालें. मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयांत ते पुढें गणिताचे प्राध्यापक झाले आणि १८५५ सालीं व्यापारानिमित्त लंडनास गेले.

इंग्रजी अमलाखालीं हिंदुस्थान भरभराटीस येत आहे, असें सरकारी अहवाल सांगत. दादाभाईंनीं तेच अहवाल घेऊन प्रांतवार लागवडीची जमीन, एकरी उतारा व बाजारभाव यांचा हिशेब मांडला आणि १८७६ सालीं मुंबईंत निबंध वाचला. १८६७-६८ चें एकंदर उत्पन्न सुमारें ३४ कोटि पौंड, लोकसंख्या १७ कोटि. म्हणजे माणशीं दोन पौंड, त्या वेळचे २० रुपये.

सरकारी कारकून जिल्ह्याजिल्ह्यांचे भाव मिळवून जिल्ह्यांच्या संख्येनें भागीत. ही चूक दादाभाईंनीं दाखविली. समजा, एका जिल्ह्यांत १०० मण धान्य रुपयास मण व दुसऱ्यांत १० मण तीन रुपयांस मण आहे. कारकुनाची सरासरी दोन रुपये. पण ११० मणांचे १३० रुपये होतात, म्हणजे मणास सव्वा रुपयाहूनही कमी. (उदाहरण आमचें आहे, मुलांनीं करून पाहावें.)

वीस रुपये पुरत काय? त्यांनीं तुरुंगांचे हिशेब पाहिले. कैद्याच्या अन्नवस्त्रास मुंबई इलाख्यांत वर्षास ४७ रुपयांवर, पंजाबांत २७ रुपयांवर खर्च होई. गुन्हेगारास जें मिळे तें कष्टाळू रयतेस मिळत नव्हतें. आणि २० हा आकडा श्रीमंतांस धरून काढलेला!

१८८७ सालीं त्यांनीं मल्हॉल नांवाच्या संख्याशास्त्रज्ञाचे आकडे घेऊन राष्ट्रांची तुलना केली: इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड मिळून माणशीं ३५ पौंड, फ्रान्स २५, रशिया ९, तुर्कस्तानसुद्धां ४, हिंदुस्थान २. त्यापूर्वीं १८८२ सालीं सरकारी अधिकाऱ्यांनीं २७ रुपयांचा आकडा काढला होता. वाद पुष्कळ झाला. पण तोही मुंबईच्या कैद्यास पुरता नव्हता.

या मोजणींत एक उणीव होती, असें आम्हांस वाटतें. १९९० पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमातर्फें राष्ट्रांची तुलना करतांना उत्पन्नाबरोबर आयुर्मान व शिक्षणही धरतात. दादाभाईंच्या आकड्यांत शिक्षण नाहीं. मात्र १८४९ सालीं मुंबईंत मुलींच्या शाळा काढणाऱ्या मंडळींत ते स्वतः होते.

१८९२ सालीं अवघ्या पांच मतांनीं निवडून येऊन ते पार्लमेंटांत गेले व तेथेंही हेच आकडे मांडीत राहिले. दरवर्षीं देशांतून बाहेर जाणारा व परत न येणारा पैसा हेंच त्यांच्या मतें दारिद्र्याचें मूळ होतें. १९०१ सालीं हे सर्व लेख ग्रंथरूपानें निघाले, तेव्हां ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते. ३० जून १९१७ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें.